ताऱ्याचे अंतर सुधारले की ग्रहाचा हिशेब का बदलतो? बाह्यग्रहांच्या वास्तव्ययोग्यतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांना कोणत्याही दुर्बिणीने थेट पाहिलेले नाही. ग्रह केवढा, त्याच्यावर ऊन किती पडते, तो दगडाचा की वायूचा, हे सगळे आपण त्याच्या ताऱ्यावरून ताडतो. तारा केवढा हे कळायला त्याचे अंतर लागते. २०१८ साली गाया उपग्रहाने अंतरांची नवी यादी दिली आणि ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून गाजलेल्या कित्येक ग्रहांचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. त्याविषयी नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सूत्रे टाळली आहेत, आकडे मात्र टाळलेले नाहीत. या विषयात आकड्यांवाचून हाती काही लागत नाही.

तारा जागेवरच आहे, ग्रहही जागेवरच आहे. मग आपण अंतराचा आकडा बदलला तर बिघडते काय?

ग्रहाचे काहीच बिघडत नाही, बदलते ती आपली समजूत. रात्री घाटातून जाताना समोरच्या डोंगरावर एक दिवा दिसतो. तो जवळच्या झोपडीतला कंदील आहे की दूरच्या धरणावरचा मोठा दिवा, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. तो किती लांब आहे हे कळले की उलगडा होतो. ताऱ्याचेही तसेच. आपल्याला दिसते ते त्याचे भासमान तेज. त्याची खरी दीप्ती, म्हणजे तो दर सेकंदाला एकूण किती ऊर्जा बाहेर टाकतो हे, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तारा समजत होतो त्यापेक्षा १० टक्के दूर निघाला, तर त्याची दीप्ती २१ टक्क्यांनी जास्त ठरते. दुप्पट दूर निघाला, तर चौपट.

ग्रहावर पाणी द्रवरूपात राहील की वाफ होऊन उडून जाईल, हा प्रश्न याच दीप्तीवर उभा आहे.

ताऱ्याच्या अंतरावरून ग्रहाचा आकार कसा काय निघतो?

ही साखळी एकदा नीट समजून घेतली की पुढचे सगळे सोपे जाते, म्हणून थोडे थांबून सांगतो.

ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान त्याच्या रंगावरून किंवा वर्णपटावरून कळते. त्याला अंतर लागत नाही. तापमान कळले की पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून किती ऊर्जा निघते ते कळते. अंतरावरून एकूण दीप्ती मिळाली की भागाकार करून पृष्ठभाग केवढा ते निघते, आणि त्यावरून ताऱ्याची त्रिज्या. तापमान तेच धरले, तर अंतर १० टक्क्यांनी वाढल्यास त्रिज्याही १० टक्क्यांनी वाढते.

आता ग्रह. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, म्हणजे अधिक्रमण होते, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरच्या निरीक्षकाला सूर्याचे तेज दहा लाखांत सुमारे ८४ भागांनी कमी झालेले दिसेल. या घटीवरून ग्रह ताऱ्याच्या किती पट आहे एवढेच समजते. किलोमीटरमधला आकार हवा असेल तर ताऱ्याची त्रिज्या आधी हवी. म्हणून ताऱ्याच्या त्रिज्येतली चूक जशीच्या तशी ग्रहात उतरते.

घनतेत तर ती फुगते. ग्रहाची त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली की त्याचे आकारमान ३३ टक्क्यांनी वाढते, आणि वस्तुमान तेच असेल तर घनता चौथ्या हिश्शाने घसरते. एवढ्या फरकात लोखंडाच्या मोठ्या गाभ्याचा खडकाळ ग्रह पाण्याने किंवा वायूने वेढलेला ठरू शकतो.

अंतर मोजतात कसे?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित सरकताना दिसतो. या सरकण्याच्या कोनाला पराशय म्हणतात. तारा जितका दूर, तितका कोन लहान.

१८३८ साली फ्रीडरिख बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचा पराशय ०.३१४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असल्याचे जाहीर केले. आजचा आकडा सुमारे ०.२८६ आहे, म्हणजे तारा त्यांनी सांगितले त्यापेक्षा जवळजवळ १० टक्के दूर, सुमारे ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. पहिल्या विश्वासार्ह अंतरापासूनच सुधारणा सुरू आहे, आणि त्याने बेसेल यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

पुढची मोठी झेप अवकाशातून आली. युरोपीय अवकाश संस्थेच्या, म्हणजे ईसाच्या, हिपार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात निरीक्षणे केली आणि १९९७ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. १९ डिसेंबर २०१३ रोजी गाया निघाला. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर राहून त्याने आकाश पुन्हा पुन्हा न्याहाळले. २५ एप्रिल २०१८ च्या त्याच्या दुसऱ्या यादीत १३० कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय होते. हे कोन मिलिआर्कसेकंदांत मोजतात. एक मिलिआर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६ लाखावा भाग. गायाने पुरेशा तेजस्वी ताऱ्यांसाठी त्याच्याही काही शतांश भागापर्यंतची अचूकता गाठली.

गायापूर्वी केप्लर दुर्बिणीच्या ताऱ्यांची अंतरे माहीतच नव्हती का?

बहुतेकांची नव्हती. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.

ताऱ्यांच्या प्रकाशातली घट टिपून ग्रह शोधणारी नासाची केप्लर अवकाश दुर्बीण मार्च २००९ मध्ये सोडली गेली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांतल्या आकाशाच्या एकाच तुकड्याकडे ती चार वर्षे पाहत होती. तिचे बहुतेक तारे शेकडो ते हजारो प्रकाशवर्षे दूर आणि मंद आहेत, हिपार्कोसच्या आवाक्याबाहेरचे. त्यांच्यासाठी मोहिमेआधी जमिनीवरून एक यादी तयार केली होती. निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांमधून तारा किती तेजस्वी दिसतो ते मोजायचे आणि त्यावरून तापमान व आकार यांचा अंदाज बांधायचा. तापमान बऱ्यापैकी जमायचे. आकारात मात्र ३०-४० टक्क्यांची चूक सहज असायची, कारण सूर्यासारखा तरुण तारा आणि वयाबरोबर फुगू लागलेला उपराक्षसी तारा यांचे रंग जवळपास सारखेच असू शकतात.

म्हणजे क्रम उलटा होता. आधी ताऱ्याचा आकार गृहीत धरायचा आणि त्यावरून अंतर काढायचे. तेव्हाच्या बातम्यांत दिलेली प्रकाशवर्षे अशीच आलेली असत. केप्लर-४५२ बी जुलै २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा तो १,४०० प्रकाशवर्षांवर असल्याचे सांगितले गेले. गायाप्रमाणे ते अंतर सुमारे १,८०० आहे. एप्रिल २०१४ मध्ये आलेला केप्लर-१८६ एफ सुमारे ४९० वरून ५८० वर गेला. गायाने हा क्रम सरळ केला: आधी भूमितीने अंतर, मग त्यावरून आकार.

काही मोजक्या ताऱ्यांच्या बाबतीत मात्र आकार आधीही चांगला माहीत होता. त्यांची स्पंदने मोजली होती किंवा मोठ्या दुर्बिणींनी सविस्तर वर्णपट घेतले होते. त्यामुळे प्रकाशवर्षांचा आकडा बदलला म्हणजे ग्रहाचा आकारही तेवढाच बदलला, असे डोळे झाकून धरू नये. त्या ग्रहाची त्रिज्या मुळात कुठून आली होती हे पाहावे लागते.

गायाची अंतरे घातल्यावर केप्लरच्या ताऱ्यांचे काय झाले?

हवाई विद्यापीठातल्या ट्रॅव्हिस बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १,७७,९११ केप्लर ताऱ्यांच्या त्रिज्या गायाच्या अंतरांवरून नव्याने काढल्या. त्यांतली अनिश्चितता साधारण ८ टक्क्यांवर आली. आधीच्या मानाने चार ते पाच पट चांगली. सुमारे दोनतृतीयांश तारे सूर्यासारखे मुख्य क्रमातले, म्हणजे अजून न फुगलेले, निघाले, पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त उपराक्षसी, आणि उरलेले तांबडे राक्षसी.

आणखी एक गोष्ट ठळक झाली. पृथ्वीच्या सुमारे दीड ते दोन पट त्रिज्येचे ग्रह फार कमी आहेत, त्याच्या खाली आणि वर भरपूर. ही फट बेंजामिन फुल्टन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केक दुर्बिणीच्या वर्णपटांवरून दाखवली होती. गायाच्या अंतरांनी ती अधिक स्वच्छ झाली. फटीच्या खालचे ग्रह बहुतेक खडकाळ, वरचे बहुतेक जाड वायूचे आवरण असलेले. ग्रह या फटीच्या कोणत्या बाजूला पडतो यावर पुढची सगळी चर्चा ठरते. म्हणून त्रिज्येतले ८ टक्के की ३० टक्के, हा फरक केवळ तांत्रिक नाही.

‘३० वास्तव्ययोग्य ग्रहांचे २ ते १२ झाले’ असे वाचले. हे खरे आहे का?

ही माहिती ऑक्टोबर २०१८ मधली आहे, केप्लर मोहीम संपली त्या महिन्यातली. जवळपास पृथ्वीएवढे आणि वास्तव्ययोग्य पट्ट्यातले, म्हणजे ताऱ्यापासून पाणी द्रवरूपात राहू शकेल इतक्या अंतरावरचे, म्हणून सुमारे ३० केप्लर ग्रह धरले जात होते. गायाच्या अंतरांनंतर त्यांतले प्रत्यक्षात २ ते १२ च या व्याख्येत बसत असावेत, असे मोहिमेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले.

यातले कोणतेही ग्रह नाहीसे झालेले नाहीत. काही थोडे मोठे निघाले, काहींवर जरा जास्त ऊन पडते असे कळले, आणि ते ठरवलेल्या चौकटीबाहेर गेले. ‘२ ते १२’ एवढा पसरट आकडा का, हेही पाहा. बरेच ग्रह अगदी सीमेवर बसलेले आहेत. मोजमाप अनिश्चिततेच्या मर्यादेत थोडे इकडेतिकडे झाले की ते आत येतात किंवा बाहेर जातात.

चूक तर दोन्ही बाजूंना व्हायला हवी. मग संख्या कमीच का झाली?

माझ्या मते या विषयातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि याचे उत्तर इतरत्रही उपयोगी पडते.

पहिले कारण ताऱ्यांच्या निवडीत आहे. दुर्बिणीसाठी तारे निवडताना ते किती तेजस्वी दिसतात यावर मर्यादा घालतात. ठरावीक तेजापर्यंतचे तारे घेतले की त्यांत खरोखर जास्त दीप्तीचे तारे प्रमाणाबाहेर येतात, कारण ते खूप दूरवरूनही त्या मर्यादेत बसतात आणि दूरपर्यंतच्या अवकाशाचे आकारमान प्रचंड असते. लहान तारे फक्त जवळचेच येतात. म्हणून रंगावरून ‘सूर्यासारखा’ ठरवलेला तारा प्रत्यक्षात थोडा मोठा असण्याची शक्यता थोडा लहान असण्यापेक्षा जास्त. गायाने नेमके हेच दाखवले: जुन्या यादीतले बरेच तारे वाटत होते त्यापेक्षा मोठे आणि अधिक तेजस्वी. तारा मोठा, म्हणून ग्रह मोठा. तारा तेजस्वी, म्हणून ग्रह अधिक तापलेला. दोन्ही धक्के एकाच दिशेचे.

दुसरे कारण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गर्दीत आहे. केप्लरला ताऱ्याजवळचे तापलेले ग्रह भरपूर सापडले, थंड आणि दूरचे फार थोडे. मोठे ग्रह सहज दिसले, लहान मुश्किलीने. आता सर्वांच्या मोजमापात सारखीच यादृच्छिक चूक आहे असे धरा. गर्दीच्या बाजूचे अनेक ग्रह चुकून विरळ बाजूला ढकलले जातात, विरळ बाजूचे मोजकेच गर्दीत जातात. लहान आणि समशीतोष्ण हा कप्पा सर्वांत विरळ. म्हणजे ज्या कप्प्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, त्यातच परके सर्वाधिक शिरतात. मोजमाप सुधारले की ते आपल्या जागी परततात आणि कप्पा आणखी विरळ होतो.

एकाच ग्रहाचे उदाहरण घेऊन सांगता येईल का?

एलएचएस ११४० बी. तिमिंगल तारकासमूहातल्या एका लहान तांबड्या खुज्या ताऱ्याभोवती हा ग्रह २४.७ दिवसांत एक फेरी पुरी करतो. एप्रिल २०१७ मध्ये त्याचा शोध जाहीर झाला तेव्हा ताऱ्याचे अंतर १२.४७ पार्सेक, म्हणजे सुमारे ४१ प्रकाशवर्षे धरले होते. ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या १.४३ पट, वस्तुमान ६.६५ पट आणि घनता दर घनसेंटिमीटरला १२.५ ग्रॅम निघाली. पृथ्वीची घनता ५.५ आहे. एवढा जड म्हणजे लोखंडाचा मोठा गाभा असलेला भक्कम खडकाळ ग्रह, असे चित्र उभे राहिले आणि जीवसृष्टीच्या शोधासाठी तो पहिल्या पसंतीच्या ग्रहांत गेला.

एका वर्षाने गायाचा पराशय आला. तारा १४.९९ पार्सेकवर, सुमारे ४९ प्रकाशवर्षांवर होता. अंतर २० टक्क्यांनी वाढले. तांबड्या खुज्या ताऱ्यांच्या बाबतीत खऱ्या तेजावरून त्रिज्या आणि वस्तुमान दोन्ही काढतात, त्यामुळे दोन्ही बदलले: त्रिज्या सूर्याच्या ०.१८६ वरून ०.२१४ पट, वस्तुमान ०.१४६ वरून ०.१७९ पट. २०१९ मध्ये क्रिस्टो मेंट आणि सहकाऱ्यांनी नवा हिशेब मांडला. ग्रहाची त्रिज्या १.७३ पट, घनता ७.५. यातला काही वाटा अधिक्रमणाच्या नव्या, अधिक बारीक मोजणीचाही आहे. सगळे श्रेय एकट्या अंतराला देणे योग्य होणार नाही.

त्याच्यावर पडणाऱ्या उन्हाचे काय? नव्या हिशेबातही ते पृथ्वीवरच्या उन्हाच्या जवळपास निम्मेच राहिले. दीप्ती वाढली खरी, पण ताऱ्याचे वस्तुमानही वाढले. फेरीचा काळ तोच असताना तारा जड असेल तर ग्रहाची कक्षा मोठी असावी लागते. म्हणजे ग्रह ताऱ्यापासून थोडा लांब सरकला आणि जादा तेजाचा काही भाग तिथे जिरला. ग्रह पट्ट्यातच राहिला. बदलला तो पट्ट्यात बसलेला ग्रह कशाचा आहे, हा प्रश्न.

२०२४ मध्ये शार्ल कॅडियू यांच्या गटाने वस्तुमान ५.६ पट असे सुधारले. आता घनता ५.९ च्या आसपास. पृथ्वीच्या साडेपाच पट वस्तुमानाचा निव्वळ खडक-लोखंडाचा ग्रह आतल्या दाबाने याहून घट्ट असायला हवा. म्हणून त्याच्या वस्तुमानाचा ९ ते १९ टक्के भाग पाणी असावे, असा अंदाज पुढे आला. पृथ्वीवरचे सगळे महासागर मिळून तिच्या वस्तुमानाच्या टक्क्याचा अगदी लहान अंश भरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा केवढा आहे ते कळते. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्याला हायड्रोजनचे जाड आवरण नसावे असे दिसते. नायट्रोजनयुक्त वातावरणाचे संकेत अजून कच्चे आहेत.

लोखंडी गोळ्यापासून जलमय जगापर्यंतचा हा प्रवास सात वर्षांतला. अंतर सुधारले आणि ग्रह कमी आशादायक झाला, असे इथे घडले नाही. काहींच्या मते तो आता अधिक आशादायक आहे, आणि मीही त्याच मताचा आहे.

के२-१८ बी या बहुचर्चित ग्रहावरही असा परिणाम झाला का?

झाला. सिंह तारकासमूहातल्या या ग्रहाचे अंतर सुरुवातीला ३४ पार्सेक, म्हणजे सुमारे ११० प्रकाशवर्षे धरले होते. गायानंतर ते ३८ पार्सेक, १२४ प्रकाशवर्षे झाले. त्रिज्या पृथ्वीच्या २.२ ते २.४ पटींवरून २.६ पटींवर गेली आणि घनता सुमारे ३.३ वरून २.७ वर उतरली.

त्याच्यावर पडणारे ऊन पृथ्वीवरच्या उन्हाइतकेच आहे, त्यामुळे बातम्यांत तो ‘वास्तव्ययोग्य पट्ट्यातला’ म्हणूनच येतो. पण २.६ पट त्रिज्या आणि एवढी कमी घनता म्हणजे त्रिज्येच्या फटीच्या पार पलीकडे. त्याच्या पृष्ठभागावर महासागर आहे की खोलवर तापलेला वायू, यावर निक्कू मधुसूदन यांचा केंब्रिजचा गट आणि इतर संशोधक यांच्यात खरा मतभेद आहे. २०२३ मध्ये जेम्स वेबने तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले. पृथ्वीवर मुख्यतः सागरी जीवांपासून येणारा डायमिथाइल सल्फाइड वायू तिथे असल्याच्या २०२५ मधल्या दाव्यावर अनेकांनी आक्षेप घेतले. त्या वादाविषयी वाचताना ऊन किती यापेक्षा त्रिज्या किती याकडे जास्त लक्ष द्यावे, असे मला वाटते.

ट्रॅपिस्ट-१ आणि प्रॉक्सिमा यांचे काय?

फारसे काही नाही. ट्रॅपिस्ट-१ चे अंतर सुमारे ३९.५ वरून ४०.५ प्रकाशवर्षे झाले; सातही ग्रह किंचित मोठे ठरले, चित्र तेच राहिले. प्रॉक्सिमा हा सूर्याचा सर्वांत जवळचा तारा, इतका जवळ की त्याचे ४.२४ प्रकाशवर्षांचे अंतर आधीपासूनच पक्के होते. शिवाय त्याचा ग्रह प्रॉक्सिमा बी ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे त्याची त्रिज्याच माहीत नाही.

वास्तव्ययोग्य पट्ट्याच्या सीमा कोण ठरवते?

हवामानाची गणिती प्रारूपे. जेम्स कास्टिंग यांनी १९९३ मध्ये पाया घातला. रविकुमार कोप्परपू आणि सहकाऱ्यांनी २०१३-१४ मध्ये दिलेल्या सुधारित सीमा आज सर्वत्र वापरतात. सूर्यासारख्या ताऱ्यासाठी सावध अंदाज असा: पृथ्वीवरच्या उन्हाच्या सुमारे १.१ पटीपासून ०.३६ पटीपर्यंत. सैल अंदाजात आतली सीमा सुमारे १.८ पट आणि बाहेरची ०.३२ पट. शुक्रावर आणि मंगळावर पूर्वी पाणी असू शकले असते या तर्कावर त्या बेतलेल्या आहेत.

पृथ्वीसारखे वातावरण असलेल्या ग्रहावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल, एवढेच हा पट्टा सांगतो. तिथे वातावरण आहे की नाही, हे तो सांगत नाही. आपला चंद्रही या पट्ट्यातच आहे.

गायाची अंतरे आता अंतिम समजायची का?

अंतरे खूपच चांगली आहेत, पण काम संपलेले नाही. गायाच्या पराशयांत एक बारीक सर्वव्यापी चूक आहे. क्वासारांचा, म्हणजे अतिदूर दीर्घिकांच्या झगझगीत गाभ्यांचा, पराशय शून्य यायला हवा. दुसऱ्या यादीत तो सरासरी उणे ०.०२९ मिलिआर्कसेकंद आला, २०२० च्या यादीत उणे ०.०१७. जवळच्या ताऱ्यांना याने काही होत नाही. तीन हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा एकूण पराशयच एक मिलिआर्कसेकंदाच्या आसपास असतो, तिथे दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो दुरुस्त करून घ्यावा लागतो.

वाटेतली धूळ ताऱ्याला मंद आणि लालसर दाखवते, तिचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि आता अनेक ताऱ्यांच्या बाबतीत अंतरापेक्षा तापमान हाच कच्चा दुवा झाला आहे. तापमानात २ टक्क्यांची चूक असेल तर त्रिज्येत ४ टक्क्यांची येते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लपलेल्या जोडताऱ्यांची. एक वाटणारा तारा प्रत्यक्षात सारख्याच तेजाचे दोन असतील, तर ग्रहामुळे होणारी प्रकाशाची घट निम्मी दिसते आणि ग्रह खऱ्यापेक्षा लहान भासतो. खरी त्रिज्या सुमारे १.४१ पट असते. पृथ्वीच्या १.३ पट वाटणारा ग्रह अशा वेळी १.८ पट निघतो, म्हणजे खडकाळ गटातून बाहेर. थोडे लांब असलेले जोडीदार गाया वेगळे दाखवतो. अगदी जवळचे असतील तर ताऱ्याची हालचाल एकट्या ताऱ्याच्या हिशेबात नीट बसत नाही, त्यावरून संशय घेता येतो. ग्रहाला ‘पृथ्वीएवढा’ म्हणण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

गायाची निरीक्षणे जानेवारी २०२५ मध्ये थांबली आणि मार्चमध्ये उपग्रह बंद केला गेला, पण माहितीवरचे काम चालू आहे. तिसरी यादी ३४ महिन्यांच्या निरीक्षणांवर होती. चौथी ६६ महिन्यांच्या निरीक्षणांवर असेल आणि ती डिसेंबर २०२६ मध्ये देण्याचे ईसाने ठरवले आहे.

म्हणजे आकाशगंगेत पृथ्वीसारखे ग्रह कमी आहेत, असे ठरले का?

नाही. सापडलेल्या ग्रहांची यादी आखडली म्हणून एकूण प्रमाणही तेवढेच घटते असे नाही, कारण दुर्बिणीला जे दिसूच शकले नाहीत त्यांचाही अंदाज घ्यावा लागतो. स्टीव्ह ब्रायसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये गायावर आधारित ताऱ्यांची माहिती वापरून हे गणित केले. फेरीच्या दिवसांऐवजी ग्रहावर प्रत्यक्ष पडणारे ऊन त्यांनी आधाराला घेतले. ताऱ्यांची दीप्ती नीट कळल्यामुळेच ते शक्य झाले. सूर्यासारख्या आणि त्याहून थोड्या थंड ताऱ्यांमागे, सावध पट्ट्यात, पृथ्वीच्या ०.५ ते १.५ पट त्रिज्येचे सरासरी ०.३७ ते ०.६० ग्रह असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अनिश्चितता मोठी आहे, खरा आकडा याच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्तही असू शकतो. पण सावधपणे धरले तरी आकाशगंगेत असे ग्रह कोट्यवधी निघतात.

हे तारे महाराष्ट्रातून दिसतात का?

केप्लरने पाहिलेला तुकडा हंसाचे पंख आणि अभिजित यांच्या मधला आहे. पाऊस उघडल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात तर तो भाग सहज ओळखता येतो. बेसेल यांचा ६१ सिग्नी हंसातच आहे, चांगल्या काळोखात नुसत्या डोळ्यांनी अंधूक दिसतो. अभिजितचा पराशयही त्याच सुमारास फ्रीडरिख श्ट्रूव्हे यांनी मोजला होता. ग्रह असलेले बहुतेक केप्लर तारे मात्र दुर्बिणीशिवाय दिसणारे नाहीत, आणि एलएचएस ११४० तर चौदाव्या प्रतीचा, म्हणजे फारच मंद आहे. त्याला मोठी दुर्बीण लागते.

एखाद्या ग्रहाचा ताजा हिशेब मला स्वतःला पाहता येईल का?

येईल, आणि जरूर पाहा. ईसाचा गाया माहितीसंग्रह आणि नासाचा बाह्यग्रह माहितीसंग्रह दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य खुले आहेत. नासाच्या संग्रहात ग्रहाचे नाव टाकले की निरनिराळ्या गटांनी काढलेले आकडे शेजारीशेजारी दिसतात. ग्रहाची त्रिज्या पाहण्याआधी त्याच रांगेतली ताऱ्याची त्रिज्या, ताऱ्याचे अंतर आणि शोधनिबंधाचे वर्ष पाहा. वर्ष २०१८ च्या आधीचे असेल तर गायानंतरची रांग शोधा. एका गटाची त्रिज्या आणि दुसऱ्या गटाचे वस्तुमान घेऊन घनता काढू नका. दोघांनी तारा वेगवेगळा धरलेला असू शकतो. दोन रांगांतला फरक त्यांच्या अनिश्चिततेच्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर त्या दोघांनी अंतर कोणते वापरले आहे ते आधी तपासा.